दिवा तापेपर्यंत

३ फेब्रुवारी

प्रिय ठिणगी,

फोन केला की आपण दोघी आधी रडतो, मग एकमेकींना जेवलीस का विचारतो, आणि कामाचं बोलणं तसंच राहतं. म्हणून म्हटलं, या खेपेला लिहूनच कळवावं. कागदावर शाई फिसकटते, त्या धाकाने तरी मी आवरून बसेन.

विषय विजेच्या बिलाचा आहे. तुझे दादा गेल्यावर पहिले काही महिने कारखाना मोठे मिस्त्री चालवायचे आणि मी खुर्चीत बसून मान डोलवायची. आता तसं नाही. लाकूड मी निवडते, गिऱ्हाइकाशी भाव मी ठरवते, आणि मिस्त्री आणि पॉलिशवाली मावशी भांडले की निवाडाही मीच करते. कामं येतात. कपाटं, टेबलं, मध्यंतरी एका शाळेचे बाक. पण लाकूडवाल्याचं देणं आणि पगार झाले की बिल येतं आणि उरलंसुरलं गिळून टाकतं. तुला माहीतच आहे, शेड लांबलचक आणि खिडक्या नावाला. सकाळी आत शिरलं की सगळे दिवे लावावे लागतात ते संध्याकाळपर्यंत.

एक गोदामवाला दोनदा येऊन गेला. त्याला ही शेड विकत हवी आहे. दोन्ही वेळा नाही म्हटलं. तिसऱ्यांदा आला तर तोंडातून काय निघेल, सांगता येत नाही. मिस्त्री म्हणतात, वर्षअखेरपर्यंत कळ काढू. या वयात त्यांना तरी दुसरीकडे कोण घेणार?

तू लोकांच्या कारखान्यांत जाऊन वीज कुठे वाया जाते ते सांगतेस आणि ते तुला त्याचे पैसे देतात. मी देणार नाही. पण सांग.

दादा गेले तेव्हा तू आलीस आणि घरातच बसून राहिलीस. कारखान्यात पाऊल टाकवलं नाही तुला. मीही आग्रह केला नाही. आता कागदावरून का होईना, तुला आत यावं लागेल.

तुझी,
वहिनी


११ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

हाताने पत्ता लिहिलेलं पाकीट आलं म्हणून आमच्या ऑफिसातला शिपाई ते दोनदा उलटंपालटं करून बघत होता. इथे मला सगळे मॅडम म्हणतात. पाकिटावर ‘ठिणगी’ लिहिलं नाहीस हे उपकार. दादाने ठेवलेलं ते नाव इथे कुणाला कळलं असतं, तर माझ्या रागाचं कारणही लोकांना कळलं असतं.

आता कामाचं. मला आठवतात ते सहा मोठे हॅलाइडचे दिवे अजून असतील, तर तुझं बिल तेच खातात. एकेक चारशे वॅटचा, वर त्याचा चोक खातो ते निराळंच. बंद पडलेल्या एका गिरणीच्या लिलावातून दादाने ते आणले होते. मी कॉलेजात होते. शिडी धरून खाली उभी, आणि हा वरून ओरडतोय, नीट धर, मी पडलो तर तुझी फी कोण भरेल.

तेवढ्याच उजेडाला आता दीडशे वॅटचा एलईडी पुरतो. म्हणजे मोठ्या दिव्यांचा खर्च एक तृतीयांशावर येतो. नळ्यांचंही तसंच, चाळीस वॅटच्या जागी वीसच्या. पण दिवे घ्यायच्या आधी छत धुऊन घे. पत्र्यांमध्ये अधूनमधून दादाने ते दुधी पत्रे बसवले होते ना, त्यांवर इतक्या वर्षांची धूळ असेल. भिंतींना पांढरा रंग दे. आणि वायरमनला सांगून रांगेरांगेची बटणं वेगळी कर, म्हणजे एका कोपऱ्यात एकच माणूस काम करत असेल तर सगळी शेड उजळायला नको.

दिवे घेताना सगळ्यांत स्वस्त घेऊ नकोस. एक आणून लावून बघ, आवडला तर बाकीचे घे. आणि वीज कार्यालयातून तासातासाच्या वापराचा कागद मिळतो नव्या मीटरमुळे, तो दर महिन्याला मला पाठव.

स्वतः येऊन बघितलं असतं, पण इथे कामाचा ढीग आहे.

तुझी,
ठिणगी


२ मार्च

प्रिय ठिणगी,

छत धुतलं. दोन माणसं साबणाच्या बादल्या घेऊन वर चढली आणि खाली मिस्त्री, ‘पत्रा फुटला तर बघा’ म्हणत फिरत होते. दुधी पत्र्यांवर अक्षरशः शेवाळ होतं. ते गेलं आणि उन्हाचे चौकोन खाली जमिनीवर पडले, तेव्हा सगळे काम सोडून बघत उभे राहिले. इतकी वर्षं भर दुपारी आम्ही दिवे लावून बसत होतो आणि ऊन डोक्यावर ताटकळत होतं. पॉलिशवाल्या मावशीने लगेच एका चौकोनात स्टूल टाकलं. आता ऊन सरकतं तशी ती स्टूल सरकवते आणि दिवसभर शेडभर फिरते.

भिंती रंगवल्या. नळ्या बदलल्या. जुन्यांची ती भुणभुण गेली, तर मिस्त्री म्हणतात कान रिकामे झाल्यासारखे वाटतात.

मोठ्या दिव्यांचं मागाहून बघू. चालताहेत तोवर चालू देत.

इकडे तुझ्या खोलीची खिडकी नीट लागत नव्हती, ती मिस्त्रींनी रंधा मारून बसवून दिली. उगाच कळवलं.

तुझी,
वहिनी


१० मार्च

प्रिय वहिनी,

मागाहून म्हणजे कधी? नळ्या म्हणजे किरकोळ खर्च आहे. भोक मोठ्या दिव्यांत आहे आणि तू बादलीला बाहेरून रंग देते आहेस.

हे मिस्त्रींचं काम दिसतंय. ते पहिल्यापासून असेच. दादाने विजेचा रंधा आणला तेव्हाही महिनाभर त्याच्याकडे पाठ करून बसले होते. त्यांना सांग की मी म्हणाले. नाहीतर मी सांगते.

गोदामवाला तिसऱ्यांदा येईल तेव्हा त्याला काय सांगणार आहेस? दिवे चालू आहेत तोवर चालू देत?

रोज संध्याकाळी मी लोकांच्या कारखान्यांचे आकडे मांडते. अनोळखी लोकांची बिलं कमी करते. माझ्या स्वतःच्या घरचं एक बिल मला कमी करता येत नाही, याचा मला त्रास होतो, एवढं लक्षात घे.

ठिणगी


२८ मार्च

वन्सं,

मोठे दिवे बदलले. तुमची आज्ञा झाली, आम्ही पाळली. मिस्त्रींना यात ओढू नये. त्यांनी कधीही विरोध केलेला नाही, उलट शिडी त्यांनीच आणली.

आता पुढचं ऐका. बाजारातून जे परवडले ते आणले. एका डॉक्टरीणबाईंची पुस्तकांची कपाटं पॉलिशला होती. मावशीने अर्धी दारं उन्हाच्या चौकोनात केली आणि दिवस कलल्यावर उरलेली नव्या दिव्यांखाली. तिथे सगळी एकसारखी दिसत होती. बाईंच्या दिवाणखान्यात लावली तर निम्मी चहाच्या रंगाची आणि निम्मी कॉफीच्या. बाई चांगल्या आहेत, ओरडल्या नाहीत, फक्त म्हणाल्या, ‘मी दोन दुकानांतून मागवली होती का?’ सगळी दारं परत आली. मावशी आठवडाभर ती घासते आहे आणि माझ्याशी बोलत नाही. बत्तीस वर्षं तिचा हात चुकला नव्हता म्हणे, आणि चुकवला तो तुमच्या दिव्यांनी.

सोबत तासातासाचा कागद पाठवला आहे. आकडे तुम्हाला आवडतात, ते वाचावेत.

वहिनी


६ एप्रिल

प्रिय वहिनी,

तू ‘वन्सं’ म्हणतेस तेव्हा काय समजायचं ते मला कळतं. लग्न होऊन आलीस तेव्हा मी नऊ वर्षांची होते आणि तू पहिल्यांदा मला वन्सं म्हणालीस ते मी तुझ्या नव्या चपला विहिरीत टाकल्या त्या दिवशी. तेव्हाही माझंच चुकलं होतं.

मावशीला माझ्यातर्फे सांग की हात तिचा चुकलेला नाही. स्वस्त दिव्यांत उजेड भरपूर असतो, पण सगळे रंग नसतात. त्यांच्याखाली तांबूस लाकूड मळकट दिसतं, मग हात आपोआप जास्त रंग चढवतो. रंग खरे दाखवणारे दिवे वेगळे येतात. मी तसे दोन पाठवते आहे, ते फक्त पॉलिशच्या जागी लाव. बाकीच्या कामाला तुझे आहेत तेच चालतील, करवतीला रंग कळत नाहीत.

आता कागदाचं. वापर खूपच उतरला आहे, शाबास. पण एक गोष्ट खटकते. सुट्टीच्या दिवशी, कारखाना बंद असतानाही, तुझं मीटर दर तासाला साधारण अर्धा युनिट फिरतंय. दिवसरात्र. कधीच शून्यावर येत नाही. इतका सारखा वापर करवतीचा नसतो, तो फ्रीजसारख्या वस्तूचा असतो. तुझ्या आणि शेजारच्या बर्फवाल्याच्या मध्ये एकच भिंत आहे. मी कुणावर आळ घेत नाही, पण असे प्रकार मी पुष्कळ पाहिलेत. तू संकोचशील म्हणून मीच वायरमनला फोन करून भिंत तपासायला सांगितलं आहे.

तुझी,
ठिणगी


१५ एप्रिल

प्रिय ठिणगी,

आधी पत्राला ‘वन्सं’ म्हणून सुरुवात केली होती. ते फाडलं. यात तुझी चूक थोडी आहे आणि माझी जास्त.

मी लाकडाच्या वखारीत गेले होते. इकडे वायरमन सरळ बर्फवाल्याच्या दुकानात शिरून भिंत ठोकायला लागला. ‘काय शोधतोस?’ म्हणून त्याने विचारलं, तर हा म्हणाला, ‘तुमचा फ्रीझर कारखान्याच्या मीटरवर चालतो का ते बघतोय.’ सगळ्या गिऱ्हाइकांदेखत. मी परत आले तर बर्फवाला आपल्या दारात उभा, हातात स्वतःचं बिल.

‘वहिनी, हे बघून घ्या,’ म्हणाला. ‘तुम्ही नुसतं विचारलं असतं, तर मी आपणहून दाखवलं असतं.’

रागावला असता तर बरं झालं असतं. ठिणगी, हे गेले त्या दिवशी याच माणसाने गाडीतला सगळा बर्फ रस्त्यावर ओतून यांना दवाखान्यात नेलं होतं. तो बर्फ संध्याकाळपर्यंत रस्त्यात वितळत होता, आणि मी परत आले ती त्याच पाण्यातून चालत.

तो चोर नाही. वीज मीच खर्च करते. मोठे दिवे बदलले असं तुला लिहिलं, पण पाचच बदलले. यांच्या टेबलावरचा आहे तसाच आहे. तो मी बंदही करत नाही.

तुला का ते कसं सांगू? सकाळी कुलूप काढून हे आत जायचे आणि बटणं दाबायचे. ते दिवे काही लगेच पेटायचे नाहीत. आधी जांभळट, मग हिरवट, मग सावकाश पांढरे. तेवढ्या वेळात कामाला हात लावता येत नाही, म्हणून मी थर्मासमधला चहा ओतायची आणि त्या टेबलाशी आम्ही बसायचो. बाकीचे नंतर यायचे. आमच्या संसारातलं सगळं बोलणं तिथे झालंय. घरी काय, दमून झोपायचो. तुला पुढे शिकवायचं ते तिथे ठरलं. आम्हाला मूल होणार नाही हे कळल्यावर दुसऱ्या दिवशी त्यांनी माझा हात हातात घेतला, तोही तिथेच, अर्धवट उजेडात, म्हणजे बाकीचे यायच्या आत मला रडून घेता यावं. उजेड पुरता झाला की उठायचे आणि म्हणायचे, ‘चला, तापले दिवे.’

त्या दिवशी गडबडीत कुणी काही बंद केलं नाही. बऱ्याच दिवसांनी मी कारखाना उघडला. मिस्त्रींनी कधीतरी येऊन बाकीचे बंद केले होते, पण टेबलावरच्याला त्यांचाही हात लागला नव्हता. हे आत्ताच उठून गेलेत असं टेबल दिसत होतं. तेव्हापासून त्या बटणाला मी हात लावलेला नाही. मध्ये वीज जाते तेव्हा तो आपला आपण विझतो आणि वीज आली की पुष्कळ वेळाने परत पेटतो, मी खाली उभी राहून वाट बघते. हल्ली फार वेळ लावतो आणि उजेडही लालसर पडतो. वायरमन म्हणतो, याचं आयुष्य संपत आलंय, एकदा बंद केलात तर पुन्हा पेटेल याची खात्री नाही.

म्हणून धजावत नाही. नवे दिवे बटण दाबताक्षणी लागतात, तू म्हणतेस तो फायदाच आहे. पण सकाळी आत शिरल्यावर मला आता बसायला निमित्त राहिलेलं नाही.

हसू नकोस.

तुझी,
वहिनी


१९ एप्रिल

प्रिय वहिनी,

तुझं पत्र वाचलं आणि लगेच फोन केला. ‘तो दिवा आजच बंद कर’ एवढंच म्हणता आलं. तू ‘बरं’ म्हणालीस आणि मी फोन ठेवला, कारण पुढे मला बोलता येणार नव्हतं. तू तो बंद केलास की नाही हे मला माहीत नाही. म्हणून कारण लिहिते, म्हणजे मी पैशाकडे बघून बोलले असं तुला वाटायला नको.

त्या दिव्याच्या आत काचेची एक छोटी कुपी असते आणि ती भयंकर तापते. हे दिवे अधूनमधून थंड होऊ द्यायचे असतात. जुना झालेला दिवा अखंड जळत ठेवला तर ती कुपी फुटू शकते, आणि तापलेल्या काचा खाली पडतात. आपल्या दिव्यांना खालून झाकण नाही. खाली लाकडाचा भुसा आहे, मावशीचं थिनर आहे, आणि तू आहेस. लालसर पडतो, पेटायला वेळ लावतो, ही त्याचीच लक्षणं आहेत. रोज दहा माणसं त्याच्याखालून जातात.

तुला थोपवून धरावं आणि मी येऊन आपण दोघींनी मिळून तो बंद करावा असं मला फार वाटलं. फोन हातात धरून मी तेवढा वेळ तेच ठरवत होते. मी दादाला शेवटचं पाहिलं तेव्हा तो त्याच दिव्याखाली खाली मान घालून एका खुर्चीचा पाय तासत होता. वर न बघताच म्हणाला, ‘पोचलीस की कळव.’ तो दिवा पेटलेला मला एकदा बघायचा होता, वहिनी. आणि तू बंद केलास की मी येईन तेव्हा तो पेटणार नाही, हेही मला कळत होतं. तरी ‘मी येईपर्यंत थांब’ असं म्हणवलं नाही.

मी हसले नाही. ऑफिसातून लवकर घरी आले, एवढंच.

रजा टाकली आहे. पुढच्या महिन्यात येते. बर्फवाल्याकडे मी आल्यावर स्वतः जाईन. तोवर त्याला सांग की मूर्खपणा माझा होता.

तुझी,
ठिणगी


२९ एप्रिल

प्रिय ठिणगी,

तुझा फोन आला त्याच दिवशी बंद केला. तू सांगितलंस म्हणून नाही, तुझा आवाज ऐकून. कॉलेजातून नापास होऊन आलीस तेव्हासुद्धा तुझा आवाज असा नव्हता.

मिस्त्रींना म्हटलं, सगळ्यांना जरा बाहेर चहाला न्या. ते काय समजायचं ते समजले. सगळ्यांना बाहेर काढलं आणि स्वतः मात्र परत आत आले. म्हणाले, ‘मी तिकडे तोंड करून उभा राहतो.’ आणि खरंच भिंतीकडे तोंड करून उभे राहिले, एवढा उंचापुरा माणूस, शाळेत शिक्षा झाल्यासारखा.

मी थोडा वेळ टेबलाशी बसले. यांच्याशी काही बोलले. ते तुला सांगत नाही. मग बटण दाबलं.

पेटायला इतका वेळ घेणारा दिवा विझायला क्षणभरही घेत नाही, हे मला माहीत नव्हतं. इतक्या वर्षांत कधी लक्षच गेलं नव्हतं. संध्याकाळी बंद करून आम्ही पाठ फिरवायचो. मग वर दिव्याचा पत्रा थंड होताना टिकटिक वाजत राहिला, बराच वेळ. तो थांबल्यावर मिस्त्री म्हणाले, ‘झालं?’ मी म्हटलं, ‘झालं.’ त्यांनी नाक पुसलं आणि बाहेर जाऊन सगळ्यांवर उगाच खेकसले.

दुसऱ्या दिवशी मावशी माझ्यापुढे येऊन उभी राहिली. तुझे दोन दिवे पोचले होते, पण दारं आडवी टाकून पॉलिश करायला तिच्याकडे सपाट जागा नव्हती. टेबलाकडे बघत होती, मागत नव्हती. मीच म्हटलं, घे. तिने आधी ते पुसून घेतलं, त्यावर जाड कागद अंथरला, आणि मग दार ठेवलं. डॉक्टरीणबाईंची सगळी दारं त्या टेबलावर झाली. आता एका रंगाची आहेत. बाईंनी आणखी एक पलंग सांगितला.

बर्फवाल्याकडे गेले होते. खरं कारण सांगितलं, आडपडदा न ठेवता. तो ऐकून घेऊन म्हणाला, ‘मला माहीत होतं. सकाळी दुकान उघडताना तुमच्या दाराच्या फटीतून उजेड दिसायचा. मला वाटायचं, कुणीतरी आहे आत.’  मी त्याच्या दुकानातल्या बाकावर बसून राहिले, आणि उठताना त्याने माझ्या हातात चहा दिला.

तुझी खोली झाडून ठेवली आहे.

तुझी,
वहिनी


८ जून

प्रिय ठिणगी,

तू परत जाऊन आता बरेच दिवस झाले, तरी मिस्त्री काही बिनसलं की तुझ्या नावाने हाक मारतात. तू बटणांवर चिकटवलेल्या चिठ्ठ्या त्यांनी आधी फाडू म्हटलं आणि आता कुणी भलतं बटण दाबलं की चिठ्ठी दाखवून ओरडतात.

तू आलीस आणि दारातूनच वर बघितलंस, ते मी पाहिलं.  आणि जाताना तू तो दिवा वायरमनकडून उतरवून घेतलास, कापडात गुंडाळलास, आणि ‘हा असा कचऱ्यात टाकायचा नसतो, आत पारा असतो’ म्हणून स्वतः उचलून नेलास, तेव्हा मला कळलं की पारा हे एकच कारण नाही.

तू अर्ज लिहून दिलास त्याप्रमाणे वीज कार्यालयाने आपला मंजूर भार कमी केला, त्यामुळे बिलातला तो दरमहाचा ठरलेला आकडाही उतरला. या महिन्याचं बिल गेल्या वर्षीच्या निम्म्याहून कमी आहे. मी ते मिस्त्रींना मोठ्याने वाचून दाखवलं. गोदामवाला तिसऱ्यांदा आला होता. त्याला चहा दिला, शेड दाखवली, आणि त्याच्या गोदामात दिवे कुठले आहेत विचारलं. बिचारा शेड मागायला आला होता, तो तुझा पत्ता घेऊन गेला.

एकटा तोच नाही. बर्फवाल्याला त्याचं दुकान बघून हवंय. कोपऱ्यावरचा छापखानेवाला विचारून गेला, त्याच्यापलीकडचा दवाखाना विचारतोय. सगळ्यांना मी म्हटलं, माझी नणंद बघते ही कामं. ती दूर असते, असं म्हणायचं राहून गेलं. खोटं नाही बोलले, फक्त राहून गेलं.

कारखान्यात माळ्यावर जी खोली आहे, तिथे एक टेबल बसेल. घरातली खोली तर तुझीच आहे. मी हे तुझ्या भल्यासाठी म्हणत नाही, तुझी नोकरी मोठी आहे, तिथे लोक तुला मॅडम म्हणतात. मी माझ्यासाठी म्हणते. संध्याकाळी कुलूप लावून घरी येते, दोन घास खाते, आणि दिवसभर काय झालं ते सांगायला तोंड उघडते तर समोर भिंत असते. आधी सांगायला हे होते. आता तुला पत्र लिहावं लागतं आणि तुझं उत्तर येईपर्यंत मी काय सांगितलं होतं तेच विसरते.

नाही म्हणालीस तर राग नाही. पण विचारलं नाही असं व्हायला नको.

तुझी,
वहिनी


१९ जून

प्रिय वहिनी,

तुझं पत्र आलं तेव्हा मी एका मोठ्या दुकानाचा हिशेब मांडत होते. कुठे माणूस नसताना दिवे जळतात ते शोधायचं आणि तिथे आपोआप बंद होतील अशी सोय करायची, असं काम. ते मांडता मांडता मला माझं घर आठवलं. माझ्या घरी एकही दिवा वाया जात नाही. मी बाहेर पडताना सगळं बंद करते आणि परत येते तेव्हा किल्ली लावून, आत हात घालून, अंधारात बटण चाचपते. इतकी वर्षं मी याला चांगली सवय म्हणत आले. विजेच्या दृष्टीने ती आहेही. पण दार उघडताना आत कुणीतरी उजेड करून बसलेलं असावं, असं मला रोज वाटतं, आणि हे मी कुणाला सांगितलेलं नाही. दादालाही नाही. तो लगेच म्हणाला असता, मग ये परत, आणि तेव्हा मला ते ऐकायचं नव्हतं.

साहेबांना राजीनामा दिला. ते म्हणाले, ‘तिथे काय आहे?’ मी म्हटलं, एक बर्फाचं दुकान, एक छापखाना आणि एक दवाखाना आहे. त्यांना ते फारसं पटलं नाही.

छापखानेवाल्याला आधी सांगून ठेव की मी स्वस्त काम करत नाही आणि उधार तर मुळीच नाही. मिस्त्रींना सांग, भांडायला माणूस येतंय. सामान थोडंच आहे, तरी माळ्यावरच्या खोलीला एक फडताळ लागेल. ते मावशीच्या हातून पॉलिश झालेलं हवं.

पुढच्या महिन्याच्या पहिल्या आठवड्यात येते. गाडी संध्याकाळी पोचते आणि स्टेशनावरून घरी यायला अंधार होईल. तू न्यायला येऊ नकोस, घरीच थांब. दारावरचा दिवा मात्र लावून ठेव. त्याचं जे बिल येईल ते मी बघून घेईन.

तुझी,
ठिणगी